नांगरापेक्षा खाडी बरी

अमेरिकेत हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. सलग सहा महिने. आमच्या अरबी समुद्राने त्याचे दोन तुकडे केले आहेत. एक मे-जूनचा, पाऊस स्थिरावण्याआधीचा. दुसरा दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन डिसेंबरपर्यंत रेंगाळणारा. मधल्या मोसमी पावसात समुद्र खवळलेला असतो, पण चक्रीवादळ क्वचितच. पहिला तुकडा येतो तेव्हा १ जूनची मासेमारीबंदी तोंडावर असते, हंगामाची शेवटची कमाई अजून पाण्यात असते आणि खलाशांचे हिशेब व्हायचे असतात. दुसरा येतो तेव्हा हंगामाला नुकता रंग चढलेला असतो. म्हणजे दोन्ही वेळा बोट पाण्यात आणि मालकाचं मन पैशात. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये, निसर्ग जून २०२० मध्ये, तौक्ते मे २०२१ मध्ये.

माझी बोट हर्णैची. लाकडी, सहा सिलिंडरची. घरात बोट वडिलांच्या आधीपासून आहे, त्यामुळे पुढे लिहिलेल्यातलं बरंचसं ऐकलेलं, काही पाहिलेलं आणि थोडं रागाच्या भरात शिकलेलं आहे. ज्यांची छोटी फायबरची होडी आहे त्यांनी आठवा मुद्दा आधी वाचावा.

१. आपलं बंदर वेगळं, आपला आसरा वेगळा

हर्णै बंदर उघडं आहे. समोर सुवर्णदुर्ग, एका अंगाला कनकदुर्गाची टेकडी. रोजच्या वाऱ्याला एवढा आडोसा पुरतो. पिढ्यान्पिढ्या इथे बोटी समुद्रातच नांगरल्या गेल्या आणि मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर आली. पर्यटकांना ती बैलगाडी फार आवडते, ते फोटो काढतात. आम्हाला त्या फोटोत धक्का नसलेलं बंदर दिसतं.

वादळात इथे कितीही जड नांगर टाकला तरी बोट लाटेच्या मर्जीवर. निसर्गच्या दिवशी रत्नागिरीत ‘बसरा स्टार’ नावाचं मोठं जहाज नांगरासकट वाहत मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन बसलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच गंजत राहिलं. त्याचे नांगर आमच्या नांगरांपेक्षा किती पटींनी जड असतील! तेव्हा दोर कोणता आणि गाठ कशी मारायची हे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न ‘जायचं कुठे’ हा, आणि त्याचं उत्तर चैत्रातच ठरलेलं असायला हवं.

आमच्यासाठी सगळ्यांत जवळची आंजर्ल्याची खाडी. आत शिरलं की लाट संपते, तळाला गाळ आहे, नांगर चांगला धरतो. पण जोग नदीच्या मुखाशी वाळू साचते आणि भरलेली बोट भरतीशिवाय आत जात नाही. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे अजून जुनाच हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वेळ कळते, पण पाणी किती चढेल हे वेगळं. उधाणाची भरती भरपूर चढते, भांगाची कमी. तौक्तेच्या वेळी १४ मे २०२१ ला अक्षय्य तृतीया होती. अमावास्येचं उधाण ओसरत होतं आणि रोज भरतीचं पाणी आदल्या दिवसापेक्षा थोडं खालीच राहत होतं. तृतीयेला जी बोट अलगद आत गेली असती, तीच दोन दिवस थांबली असती तर मुखावर घासली असती, आणि तोपर्यंत लाटही वाढलेली. उथळ मुखावर फुटणाऱ्या लाटेत बोट आडवी झाली की संपलं. आंजर्ल्याच्या मुखावर असे अपघात भर वादळातच होतात असंही नाही.

दाभोळची खाडी मोठी. वाशिष्ठीला पाणी भरपूर, जागाही आहे. पण तिथवर उघड्या समुद्रातून जायचं म्हणजे निघायचंच लवकर. त्याहून दक्षिणेला जयगड. उत्तरेला बाणकोट, सावित्रीच्या मुखाशी. बाणकोट वाईट नाही, पण वादळ कुठे चाललंय ते बघून. निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. त्या दिवशी बाणकोटला जाणं म्हणजे वादळाच्या वाटेत जाऊन बसणं.

अजून एक. आसऱ्याची जागा सगळ्यांचीच असते. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी देवगडला येऊन लागल्या. क्यारच्या वेळी तर देवगड बंदरात गुजरातपासून दक्षिणेपर्यंतच्या बोटी. जीव वाचवायला आलेल्याला कोण नाही म्हणणार? पण उशिरा येणाऱ्याला मिळते ती मुखाजवळची, वाऱ्यातली जागा.

२. बावटा लागेपर्यंत थांबायचं नाही

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की गावात बातमी फिरते, आणि पावसाळ्यात तो इतक्या वेळा लागतो की लोक त्याकडे बघेनासे होतात. बावटा त्या बंदराला असलेला धोका सांगतो. बोट हलवायला किती वेळ लागणार हे त्याला ठाऊक नसतं.

मी पाहतो ते हवामान खात्याचं बुलेटिन, आणि त्यातही एकच गोष्ट: ‘कमी दाबाचा पट्टा’ हे शब्द जाऊन ‘डिप्रेशन’ हा शब्द कधी आला. निसर्गचा हिशेब मांडून बघा. १ जूनला डिप्रेशन. २ जूनला दुपारी चक्रीवादळ, म्हणजे त्याला नाव मिळालं. ३ जूनला दुपारी ते किनाऱ्यावर. नाव कानावर पडल्यापासून हातात उरला एक दिवस, आणि त्या एका दिवसात खाडीत शिरण्याजोग्या दिवसाउजेडीच्या भरत्या किती? एक. फार तर दोन. शिवाय डिझेल, दोर, माणसं, आणि मुखावर आपल्यासारख्याच इतरांची रांग.

म्हणून आमच्या घरचा नियम: डिप्रेशन म्हटलं आणि त्याचा रोख उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे आहे असं दिसलं, की पुढच्या भरतीला बोट खाडीत. वादळ ओमानला गेलं तर जाऊ दे. एक-दोन फेऱ्या बुडतात. खलाशी कुरकुरतात, मासळीवाल्या बायका विचारतात, “काय नाखवा, आभाळ तर निरभ्र हाय?” आभाळ निरभ्र आहे म्हणूनच जाता येतं. क्यार महाचक्रीवादळ झालं आणि पश्चिमेला निघून गेलं. आमच्या किनाऱ्यावर आदळलं नाही. त्या वेळी धंदा बुडाला म्हणून बोलणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की ते वळलं नसतं तर?

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून लाटांच्या उंचीचा अंदाज येतो, तोही बघावा. वाऱ्याआधी लांबून येणाऱ्या लाटा मुख बंद करतात. हवा शांत, ऊन पडलेलं, आणि मुखावर मात्र पांढरं फुटतंय. तेव्हा समजायचं की आंजर्ल्याचा विचार सोडायला हवा.

३. वारा फिरतो, तेव्हा बोट दोन्ही अंगांनी बांधायची

आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं तर वादळाचं केंद्र साधारण आपल्या उजव्या हाताला, जरासं पाठीमागे असतं. हे एवढं कळलं तरी रेडिओ बंद पडल्यावर अंदाज बांधता येतो.

निसर्ग आमच्या पश्चिमेकडून वर सरकलं. पहाटे वारा आग्नेयेचा, म्हणजे जमिनीवरून. मग दक्षिणेचा. दुपारनंतर नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा. फयान आणि तौक्तेही आमच्या उत्तरेला गेली, त्यामुळे वारा फिरण्याचा क्रम तोच. ज्याने सकाळच्या वाऱ्याला बघून बोट बांधली, त्याचे दोर दुपारी उलट्या बाजूला सैल पडले आणि बोट शेजारच्या कातळावर गेली. वादळ दक्षिणेला, समजा रत्नागिरी-गोव्याकडे, जमिनीवर चढलं तर हाच क्रम उलटा: पूर्व, ईशान्य, उत्तर. दोन्ही शक्यता धरून चालायचं.

आम्ही खाडीत दोन नांगर टाकतो, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मधला कोन बराच उघडा ठेवून. मागच्या बाजूने किनाऱ्याला दोन दोर. कांदळवनाच्या कडेला जागा मिळाली तर सर्वांत उत्तम. कांदळाची आणि चिपीची झाडं लाट आणि वारा दोन्ही खातात, आणि बोट सुटलीच तर चिखलात रुतते, कातळावर फुटत नाही. पण दोर एकट्यादुकट्या झाडाला बांधू नये. चार-पाच बुंध्यांना गोणपाट गुंडाळून ओढ वाटून द्यावी. झाड तोडायला तर बंदी आहेच, आणि ज्याने आपली बोट वाचवायची त्याच्यावरच कोयता चालवायचा हे मला पटतही नाही.

वाऱ्याच्या जोराचा हिशेब लोक चुकवतात. पावसाळ्यातला ताशी पन्नास किलोमीटरचा वारा आम्ही सगळ्यांनी सोसलाय. निसर्गचा वारा ताशी ११० पर्यंत, झोत १२० चे. वेग दुप्पट झाला म्हणजे जोर दुप्पट, असं नाही. तो चौपट होतो. “आपला दोर गेल्या पावसात टिकला होता” या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही.

४. दोर तुटत नाही, घासला जातो

वादळानंतर सुटलेल्या बोटींचे दोर मी आवर्जून हातात घेऊन बघतो. मधोमध ताणून तुटलेला क्वचित सापडतो. जवळजवळ प्रत्येक दोर तिथेच गेलेला असतो जिथे तो बोटीच्या काठावरून किंवा लोखंडी खुंट्यावरून वळतो. रात्रभर तीच जागा घासत राहते.

त्या जागेवर कवच हवं. प्लास्टिकची नळी बरेच जण घालतात. मला ती आवडत नाही: आत पाणी शिरत नाही, ओढीने नायलॉन तापतो आणि नळीच्या आतच वितळून कडक होतो. आगीच्या बंबाचा जुना कापडी होज मिळाला तर सोनं. तो भिजलेला राहतो आणि दोराला थंड ठेवतो. तोही नुसता घालून भागत नाही, दोन्ही टोकांना सुतळीने शिवून टाकायचा, नाहीतर तासाभरात सरकतो.

दोर नायलॉनचाच. तो ताणतो आणि झटका पोटात घेतो. डॅनलाइनचा दोर स्वस्त, तरंगतो, हाताळायला हलका. पण तो उन्हात विरतो आणि झटका तसाच पुढे खुंट्यावर देतो. जाळ्याच्या कामाला ठीक, नांगराला नको. तळाकडचा भाग साखळीचा असावा. साखळी नांगराची दांडी खाली दाबून धरते, आणि दांडी आडवी राहिली तरच नांगराचं पातं गाळात शिरतं.

लांबीबद्दल हुज्जत नको म्हणून आकडेच मांडतो. भरतीला खाडीत चार मीटर पाणी. नाळ पाण्याच्या वर दोन मीटर. वादळाने पाणी फुगणार ते धरायचं: निसर्गच्या वेळी हवामान खात्याने रत्नागिरी जिल्ह्याला अर्धा ते एक मीटर आणि रायगड-मुंबईला एक ते दोन मीटर फुगवट्याचा अंदाज दिला होता. आपण एक धरू. झाले सात मीटर. याची सातपट, म्हणजे सुमारे पन्नास मीटर दोर. रोजच्या नांगराला आम्ही याच्या निम्माही सोडत नाही. गर्दीच्या खाडीत पन्नास मीटरवर बोट गरगर फिरली तर दहा जणांना धडकेल, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून तर दुसरा नांगर आणि मागचे दोर.

खुंटा तपासा. दोर शंभर नंबरी आणि खुंट्याचा बोल्ट गंजलेला, अशी बोट अख्खा खुंटा उपटून घेऊन जाते.

५. शेजाऱ्याची बोट

यावर कमी बोललं जातं, कारण बोललं की भांडण होतं. खाडीत नीट बांधलेल्या बोटीचं खरं नुकसान बहुधा नीट न बांधलेल्या बोटीमुळे होतं. वरच्या अंगाची एक बोट नांगर ओढत खाली आली की ती पुढच्या दोघींचे दोर घेते, मग तिघी मिळून पुढच्या पाच जणींचे.

म्हणून आत गेल्यावर पहिला तास मी माझ्या बोटीवर घालवत नाही. होडी घेऊन वाऱ्याच्या बाजूला कोण आहे ते बघून येतो. ओळखीचा असेल तर सरळ सांगतो, “दादा, एक नांगर कमी पडतोय, माझ्याकडचा जादा घ्या.” जादा नांगर आणि दोराची गुंडाळी मी मुद्दाम बरोबर नेतो. हा दानधर्म नाही, स्वार्थ आहे. परगावची बोट असेल तर बोलायला तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पुढे करतो. मालकाने मालकाला सांगितलेलं सल्ल्यासारखं लागतं, तांडेलाने तांडेलाला सांगितलेलं कामासारखं.

बोटी एकमेकींना चिकटवून बांधायची सवय आपल्याकडे आहे, जागा वाचते आणि रात्री गप्पाही होतात. साध्या दिवसांत खुशाल बांधा. वादळात बोटी वेगवेगळ्या तालात हलतात आणि फळ्या एकमेकींना कुटतात. मधले टायर किती टिकणार? हात-दीड हाताची मोकळी जागा सोडण्यापेक्षा दोन बोटींची रुंदी मोकळी सोडावी. जागाच नसेल आणि चिकटवाव्याच लागल्या, तर टायर दुप्पट, आणि दोन्ही बोटींच्या केबिनी एकमेकींसमोर येणार नाहीत अशा मागेपुढे सरकवून बांधाव्यात.

६. वर असलेलं सगळं खाली, आत असलेलं पाणी बाहेर

ताडपत्री, तिचे बांबू, जाळ्याच्या खुणेचे झेंडे, बर्फाच्या पेट्या, रिकामी पिंपं, स्वयंपाकाचा सिलिंडर, सुकत घातलेली जाळी. सगळं उतरवा आणि घरी न्या. ताडपत्री ‘घट्ट बांधलीय’ म्हणून ठेवणाऱ्याला ती शिडासारखी फुगलेली बघायला मिळते. जीपीएस, वायरलेस, फिशफाइंडर काढून न्यावेत. इंजिनाला समुद्राचं पाणी घेणारा वॉल्व बंद करावा.

पावसाचं पाणी लोक विसरतात. चाळीस चौरस मीटर डेकवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर चार हजार लिटर पाणी होतं, म्हणजे चार टन. निम्मं जरी आत झिरपलं तरी बोट जड होऊन खाली बसते आणि लाट काठावरून आत येऊ लागते. डेकवरच्या निचऱ्याच्या भोकांत अडकलेले खवले आणि जाळ्याचे तुकडे आधी साफ करायचे. बॅटरी पूर्ण चार्ज, पंपाचा आपोआप चालणारा फ्लोट हाताने उचलून तपासलेला. बस.

७. माणूस बोटीवर ठेवायचा नाही

याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही, कारण वाद घातला की आवाज चढतो.

तौक्तेत देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या बोटी बुडाल्या आणि त्यांवरचे खलाशी दगावले. बोटी समुद्रात नव्हत्या, बंदरात होत्या. त्याच वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ या बार्जचे नांगर सुटले, १७ मे रोजी ती बुडाली आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. बोटीपेक्षा कितीतरी मोठी, लोखंडी बार्ज. तरंगणारी वस्तू म्हणजे आसरा, हा समज कशाच्या जोरावर टिकून आहे कोण जाणे.

आमच्याकडे राखणीची रीत जुनी आहे. बोट नांगरली की एक-दोन माणसं तिच्यावर झोपतात. चोरी होऊ नये, दोर सैल-घट्ट करावा, पाणी उपसावं. साध्या दिवसांत हे योग्यच. पण राखणीला राहतो कोण हे बघा. गावातला तांडेल घरी जातो. बोटीवर राहतो तो नेपाळचा, कर्नाटकाचा, उत्तर प्रदेशचा पोरगा, कारण त्याला किनाऱ्यावर घरच नसतं. बोट हेच त्याचं घर, तिथेच त्याची पिशवी, तिथेच मोबाइलचा चार्जर. त्याला “वादळ येतंय, बोट सोड” म्हणणं सोपं आहे. सोडून जायचं कुठे, हे सांगायचं काम मालकाचं.

आमच्या एका पोराने मला विचारलं होतं, “शेठ, सगळे उतरलो तर दोर कोण सैल करणार?” प्रश्न वाजवी होता. उत्तर असं की ताशी शंभरच्या वाऱ्यात ओढीखालचा दोर कुणालाच सैल करता येत नाही. बोटं जातात, नाहीतर माणूस जातो. जे काही करता येतं ते वारा साठच्या आत असतानाच करता येतं. त्यानंतर बोटीवरचा माणूस बोटीसाठी काहीही करू शकत नाही, फक्त तिच्याबरोबर असतो.

तेव्हा आसऱ्याच्या खाडीजवळच्या शाळेत किंवा देवळात आधीच बोलून ठेवावं. तांदूळ, कांदे, काडेपेटी, कोरडे कपडे. शक्यतो एक कोरडी खोली, सगळ्यांच्या पिशव्या ठेवायला. पिशवी बोटीवर राहिली की पोरगा तिच्यामागे परत जातो. उतरताना माणसं मोजा, आणि रात्री पुन्हा मोजा. पगाराचा हिशेब शक्य तर वादळाआधी करून टाका. पैसे अडकलेले असले की माणूस मालकाच्या बोटीची नको तेवढी काळजी करतो.

मालकांसाठीही हेच. बोट तीस-चाळीस लाखांची, कर्ज डोक्यावर. मध्यरात्री बॅटरी घेऊन खाडीवर जावंसं वाटतंच. जाऊ नका. घरच्यांनी दाराला कडी घालावी.

८. किनाऱ्यावर ओढलेली बोटही सुरक्षित नसते

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे मेअखेर बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारायची घाई चालते. निसर्ग ३ जूनला आलं तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ बोटी पाण्याबाहेर होत्या, आणि लोक त्या बाबतीत निश्चिंत होते. पण दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती, म्हणजे पाणी उधाणाचं. त्यावर वादळाचा फुगवटा. नेहमीच्या भरतीच्या रेषेपासून चार हात वर घेतलेल्या होड्यांखालची वाळू लाटांनी काढून नेली आणि टेकू निसटले.

शाकारणी जितकी वर करता येईल तितकी वर. टेकू वाळूत नुसते रोवू नयेत, खाली जाड फळी द्यावी आणि समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधावेत, म्हणजे एक हलला तरी दुसरा त्याला धरतो. बोटीलाही जमिनीत पुरलेल्या नांगराला बांधावं. हो, जमिनीवर नांगर. हसणारे हसतात.

माड आणि सुरूच्या सावलीत बोट ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, लाकडाला ऊन लागत नाही म्हणून. दापोली-मंडणगडकडे निसर्गने माड-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या, सुरूची बनं मोडली. झाडाखालची बोट कशी वाचणार? उघड्यावर ठेवा आणि झापांनी शाकारा. प्लास्टिक वापरलंत तर वादळाच्या आदल्या दिवशी ते काढून टाका. बोट दोन दिवस भिजेल, त्याने काही होत नाही. जवळच्या शेडचे पत्रे आणि ते कुठल्या दिशेने उडतील, हेही बघून घ्यावं.

छोटी फायबरची होडी हलकी, वारा तिला उचलतो. इंजिन काढून घरी न्या. होडी वर घ्या, तळाचं बूच बंद करा आणि काठापर्यंत पाणी भरा. खाली वाळू सारखी केलेली असावी, नाहीतर भाराने तळाला तडा जातो. पाण्याने भरलेली होडी सहसा कुठे जात नाही.

९. कागद आणि फोटो

नोंदणी, मासेमारी परवाना, विम्याची पॉलिसी, इंजिनाच्या बिलाची प्रत: एका पिशवीत, आणि फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या फोनवर. निसर्गनंतर दापोली तालुक्यात कितीतरी गावं दिवसचे दिवस विजेविना आणि नेटवर्कविना होती; स्वतःच्या फोनमधला कागद स्वतःलाच उघडता येत नव्हता.

बोट बांधून झाल्यावर तिचे फोटो काढावेत: नांगराचे दोर, कवच, टायर, नोंदणी क्रमांक दिसेल असा एक. ‘योग्य काळजी घेतली नव्हती’ हे वाक्य विम्याच्या पत्रात फार सहज येतं. सरकारी मदतीच्या भरवशावर कुणी राहू नये. निसर्गच्या वेळच्या केंद्राच्या निकषात पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये होते. राज्याने ते वाढवून दिले, तरी नव्या बोटीच्या फळ्याही त्यात येत नाहीत. आणि पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. ते अवघड जातं, कारण सुतार त्याच आठवड्यात मोकळा असतो.

१०. वादळ गेल्यावर

वारा पडला की सगळ्यांना एकदम बोटीवर जायचं असतं. केंद्र डोक्यावरून जात असेल तर मधली शांतता फसवी असते. अर्ध्या-पाऊण तासात वारा उलट्या बाजूने येतो. हवामान खात्याने वादळ जमिनीवर आत सरकल्याचं सांगेपर्यंत थांबावं.

इंजिन लगेच चालू करू नये. आधी पाणी उपसा, ऑइल बघा. पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. मग कुणीतरी बुडी मारून पंख्याला दोर गुंडाळलाय का ते पाहावं. वादळानंतर खाडीत तुटके दोर, जाळी, माडाचे सोट, अख्खी झाडं तरंगत असतात, आणि वरून नदीचा पूर उतरत असतो, म्हणून दोन्ही नांगर एकदम उचलायचे नाहीत.

मुखाची वाळू जागा बदलते. ज्या वाटेने आत आलो ती वाट बाहेर जाताना असेलच असं नाही, आणि जीपीएसवरची जुनी रेघ या वेळी काही कामाची नाही. आमच्याकडे ओहोटीला दोघे जण लहान होडीतून बांबू घेऊन मुखावर जातात, दर पाच-सात हातांवर तळ टोचून बघतात आणि खोल पाण्याच्या दोन्ही कडांना खुणेचे झेंडे रोवून येतात. पुढच्या भरतीला सगळ्यांत कमी पाण्यात चालणारी रिकामी बोट आधी सोडायची. ती बाहेर जाऊन वायरलेसवर बोलली, की मग बाकीच्यांनी एकेक करून निघायचं, घाई न करता, कारण तीही भरती एकच असते आणि रांगेत आपल्यामागे चाळीस जण.